तीन मिनिटांचा थरार : ‘द ब्लॅक होल’ हा लघुपट वर्गात कसा वाचावा?



थरारकथा लिहायला सांगितली की मुलांच्या वहीत भूत, खून, पाठलाग, स्फोट सगळं एकाच पानात येतं. घटना भरपूर, पण थरार काही जाणवत नाही. असं का होतं हे समजावताना मला ‘द ब्लॅक होल’ हा लघुपट फार उपयोगी पडतो. फिल सॅन्सम आणि ऑली विल्यम्स यांनी दिग्दर्शित केलेला हा ब्रिटिश लघुपट २००८ सालचा आहे. लांबी जेमतेम तीन मिनिटं. गोष्ट संवादांशिवाय कळते, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही.

कथानक

रात्री ऑफिसात एकटाच थांबलेला, कंटाळलेला कर्मचारी झेरॉक्स काढतोय. मशीनमधून मोठा काळा गोल छापलेला एक कागद बाहेर येतो. तो त्यावर कप ठेवतो, तर कप आत गायब! मग हा हात घालून पाहतो. पुढे तोच कागद व्हेंडिंग मशीनवर धरून चॉकलेट काढतो. मग नजर जाते बंद दाराकडे. दारापलीकडे तिजोरी. चिकटपट्टीने कागद तिजोरीला लावून तो नोटांची बंडलं काढत राहतो. शेवटी हात पुरेना, म्हणून स्वतःच आत शिरतो. आणि कागद गळून पडतो.

थरारपटाचे संकेत कुठे दिसतात?

१. *एकटेपणा :* रात्र आणि रिकामं ऑफिस हे नुसतं वातावरण नाही. चोरी पाहायला कोणी नाही, म्हणजेच शेवटी सोडवायलाही कोणी नाही.

२. *एकच नियम :* अद्भुत गोष्ट एकच, बाकी सगळं रोजचं. गोलातून पलीकडे जाता येतं, हा नियम कपाच्या प्रसंगात कळतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही.

३. *चढत्या पायऱ्या :* कप, चॉकलेट, दार, तिजोरी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळे येते. मुलांच्या कथेत ‘आणि मग’ असतं. इथे ‘म्हणून’ आहे.

४. *उत्कंठा :* हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण दिलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि पात्रांना नसेल, तर तो जीव मुठीत धरून बसतो. इथे ती चिकटपट्टी म्हणजेच बॉम्ब! तो आत शिरू लागला की वर्गातून हमखास आवाज येतो, “अरे, नको जाऊ!”

खरा प्रश्न

लघुपट संपल्यावर लगेच ‘लोभाचं फळ वाईट’ असं तात्पर्य सांगायचा मोह होतो. मीही आधी तेच करायचो. आता फक्त विचारतो, “चोरी नक्की कुठे सुरू झाली?” बहुतेक हात तिजोरीसाठी वर होतात. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, चॉकलेट घेतलं तेव्हाच. पण तेव्हा आपण सगळे हसलो ना.”

वर्ग एकदम गप्प झाला. चांगला थरारपट नेमकं हेच करतो. छोट्या चुकीला आपल्याला हसवून पात्राच्या बाजूला घेतो, आणि मग मोठी चूक दाखवतो. माझं तात्पर्य मुलांनी कदाचित फळ्यावरून उतरवून घेतलं असतं. हे मात्र त्यांना स्वतःला सापडलं.

करून पाहा

कागद चिकटवला जातो तिथे लघुपट थांबवा आणि मुलांना शेवट लिहू द्या. अट एकच : नवं पात्र आणायचं नाही, नवी जादू आणायची नाही. आधी दाखवलेल्या गोष्टींतूनच शेवट निघाला पाहिजे. घरी पालकांनाही हे सहज करता येईल.

कथालेखनाच्या पुढच्या तासाला मुलांच्या वहीतली भुतं नक्की कमी झालेली दिसतील!