फोटोत घर कुठाय?

सुट्टीत गावी जाताय? मग जुना वाडा किंवा माळवदाचं घर दिसलं की मोबाइल बाहेर येणारच. पण क्लिक करण्याआधी जरा थांबा.

गेल्या वर्षी मी सोलापूरकडच्या आजोळच्या घराचा फोटो काढला. पोपडे आलेली मातीची भिंत, रिकामा कोनाडा, वर ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर. ग्रुपवर ‘कडक’, ‘एक नंबर’चा पाऊस! आजीला दाखवला, तर म्हणाली, ‘‘अगं, ह्यात घर कुठाय? लोकास्नी वाटंल, हितं कुणी ऱ्हातच न्हाई.’’

खरंच होतं. विजेचा मीटर, दोरीवरचे कपडे, दारातली तुळस, सगळं मीच ‘फ्रेम खराब होते’ म्हणून कापलं होतं.

मग दुसरा प्रयत्न. घराला अगदी चिकटून मोबाइल वर तिरका केला, की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. म्हणून मागे सरका, ग्रिड ऑन करा, मोबाइल सरळ उभा धरा. भिंतीचा पोत हवा असेल, तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन गाठा. घराची रचना दाखवायची असेल, तर ढगाळ उजेड बरा. सावल्या आड येत नाहीत. बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याने १९५९पासून झीगन परिसरातली लाकडी सांगाड्याची जुनी घरं अशीच टिपली. ढगाळ आभाळ, कॅमेरा सरळ, घर पूर्ण. उंचीचा अंदाज यावा म्हणून दारात कुणाला उभं करा. अर्थात, आधी विचारून!

आता मित्राच्या फोटोवर बोलायची वेळ आली, तर ‘नाइस क्लिक’वर सुटू नका. तीन प्रश्न विचारा. नजर आधी कुठे जाते? फ्रेमच्या चारही कडांवर काय आहे? आणि काय मुद्दाम वगळलंय, का? ‘फोटो फसलाय’ म्हणण्यापेक्षा ‘उंबरठा कापला गेलाय, त्यामुळे आत जाता येत नाही’ असं सांगितलं, तर त्याला पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

दुसऱ्या फोटोत मीटर आहे, कपडे आहेत, उंबरठ्यावर आजी आहे. लाइक्स निम्मेच मिळाले. पण यंदा माळवद उतरवून तिथे स्लॅब पडतोय, आणि मामाने प्रिंट मागितली ती याच फोटोची.