सटवाईचा कोरा कागद

मूल जन्मले की पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडची समजूत. म्हणून त्या रात्री पूजा मांडायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही आणि घरातल्या बायकांनी जागायचे. फ्लॅटमध्ये मिक्सर आला, पाटा-वरवंटा माळ्यावर गेला; पण पाचवीच्या पूजेला तो अजूनही खाली काढला जातो. आपण या प्रथेला हसतो. पण नवजात बाळाला पहिला आठवडाच सर्वांत धोक्याचा, हे आपल्या पणज्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्या आठवड्यात बाळाजवळ कुणीतरी जागे असावे, एवढे शहाणपण त्या जागरणात नक्कीच आहे.

पण बाळ घरी नसेल तर? ते अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत असेल, तर सटवाईने यायचे कुठे?

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. नात तिसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन ११५० ग्रॅम. नाकाशी नळी, पायाला तार, हातात सुई. मी बँकेत ३२ वर्षे काढली. तारण पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर केले नाही आणि कागदावर सही असल्याशिवाय शब्दावर विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांना मी त्याच सवयीने विचारले, ‘‘शक्यता किती टक्के?’’ ते म्हणाले, ‘‘काका, आजचा दिवस नीट गेला. उद्याचं उद्या सांगतो.’’ पुढचे ४१ दिवस आम्ही या एका वाक्यावर काढले.

अशा बाळांची मुख्य अडचण फुप्फुसांची. फुप्फुसांतल्या बारीक पिशव्यांना आतून एक निसरडा थर असतो. त्यामुळे श्वास सोडल्यावर त्या मिटून चिकटत नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळात तो थर पुरेसा तयार झालेला नसतो. हे कारण अमेरिकेतल्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. तरीही ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच विकाराने दोन दिवसांत गेला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि त्याचे वजन दोन किलोंहून अधिक होते. घराणे श्रद्धाळू कॅथलिक, हाताशी देशातले उत्तम डॉक्टर. पण त्या आजारावरचे औषधच तेव्हा नव्हते. १९८० मध्ये जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी तो थर बाहेरून फुप्फुसांत घालून बाळे वाचवता येतात हे सिद्ध केले. त्याच औषधाची मात्रा माझ्या नातीला मिळाली. त्याच्या जवळपास निम्म्या वजनावर ती तगली, याचे श्रेय कुणाला द्यायचे याबद्दल माझ्या मनात संभ्रम नाही.

मग श्रद्धेचे काम काय? ते मला बाहेरच्या बाकावर कळले.

त्या बाकावर आम्ही तीन कुटुंबे असायचो. एक भिवंडीचे, यंत्रमागावर काम करणाऱ्या तरुणाचे, एक वसईचे ख्रिस्ती, आणि आम्ही. भिवंडीच्या मुलाला बाळाच्या कानात अजान द्यायची होती. सिस्टर म्हणाली, ‘‘हात कोपरापर्यंत धुवा, गाऊन घाला आणि अगदी हळू आवाजात.’’ पेटीच्या गोल खिडकीशी तोंड नेऊन त्याने ती दिली; मॉनिटरच्या टिकटिकीत शेजारच्यालाही ऐकू आली नाही. वसईच्या बाळाची प्रकृती एका रात्री ढासळली तेव्हा धर्मगुरू येईपर्यंत वेळ नव्हता. अशा प्रसंगी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकते, अशी त्यांच्या धर्माची मोकळीक आहे. ड्यूटीवरच्या सिस्टरने निर्जंतुक पाण्याचे थेंब बाळाच्या कपाळावर सोडले. आमच्याकडे गावाहून अंगारा आला. तो आत न्यायला परवानगी नव्हती, तेव्हा आमच्या हिने तो सुनेच्या कपाळाला लावला. ‘‘आईला लागला की बाळाला पोचला,’’ ती म्हणाली. कुणाचाही देव हात धुण्याच्या आड आला नाही.

पाचवीच्या रात्री हिने घरी कोरा कागद मांडला. त्याच वेळी विभागातली सिस्टर दर तासाला एका तक्त्यावर नाडी, श्वास, प्राणवायू, लघवी असे आकडे भरत होती. ती रात्रभर जागी होती. घरातला कागद सकाळी नेहमीप्रमाणे कोराच होता; तक्ता मात्र भरला होता.

त्याच दिवसांत एक नातेवाईक बाई भेटायला आल्या आणि सुनेला विचारते झाल्या, ‘‘ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?’’ त्या संध्याकाळी सुनेला दूध उतरले नाही. बाळाला नळीने दर दोन तासांनी चार-पाच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर दूध जायचे आणि तेच तिचे खरे औषध होते. एका प्रश्नाने ते आटले. श्रद्धेच्या नावाखाली आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याइतके अश्रद्ध कृत्य दुसरे नसेल. आमची ही एरवी मितभाषी. पण त्या बाईंना तिने दारापर्यंत पोचवले आणि पुन्हा आत घेतले नाही.

हिने नवस मात्र बोलला नाही. मी कारण विचारले. ती म्हणाली, ‘‘काय बोलू? आपल्या पेटीचंच नाव कसं घेऊ? शेजारी दोन पेट्या आहेत.’’ नवस हा तारणी व्यवहार आहे, हे माझ्यातल्या अधिकाऱ्याला तेव्हा उमगले. काम झाले तर अमुक देईन. हिची श्रद्धा विनातारण होती.

वसईचे बाळ नवव्या दिवशी गेले. त्या घराची प्रार्थना आमच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. खरे तर जास्तच होती. म्हणून ‘तुमच्या पुण्याईने नात वाचली’ असे कुणी म्हटले की माझ्या अंगावर काटा येतो. ते वाक्य खरे मानायचे तर त्या आईला काय सांगायचे? त्या आईने जाताना सिस्टरला विचारले, की तिच्या नावाने शीतकपाटात ठेवलेल्या दुधाचा दुसऱ्या कुणाला उपयोग होईल का? तपासण्या करून, पाश्चरीकरण करून असे दूध दुसऱ्या बाळांना देता येते. आशियातली पहिली मानवी दूधपेढी आपल्या मुंबईत, शीवच्या महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला पेढीचा हा अर्थ त्या दिवशी नव्याने कळला.

पुढे बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची परवानगी मिळाली. ही ‘कांगारू’ पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास पेट्या अपुऱ्या पडत म्हणून सुरू झाली. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत तिची पाहणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, जन्मल्याबरोबर अशी ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते. बाळ आधी स्थिर होऊ देऊन मग छातीशी घेतले तेव्हा ते १५.७ टक्के. म्हणजे आईने जवळ असणे हेही औषधच. पण त्यासाठी तिला तासन्तास बसता आले पाहिजे, उद्याची खात्री नसताना उद्या पुन्हा यायचे बळ हवे. ते बळ आम्हाला श्रद्धेने दिले. निकालाची हमी तिने कधीच दिली नव्हती.

तुमच्या ओळखीत असे बाळ असेल तर देवाला जे मागायचे ते जरूर मागा. पण डबाही न्या. रात्री बाकावर बसून मुलाच्या बापाला दोन तास झोपू द्या. आईला कारणे विचारू नका. आणि ‘काही होणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘मी उद्याही येतो’ एवढेच म्हणा. पहिल्या वाक्याला तारण नाही. दुसरे पाळणे मात्र आपल्या हातात असते.