सर्दी, वाफारा आणि उष्णतेचा हिशेब

माझ्या उजव्या मांडीवर तळहाताएवढा एक जुना व्रण आहे. मी सातवीत असताना ऐन पावसाळ्यात मला सपाटून सर्दी झाली. आजीने पातेलेभर पाणी उकळले, त्यात ओवा आणि तुळशीची पाने टाकली, पातेले खाटेवर माझ्यापुढे ठेवले आणि डोक्यावरून चादर पांघरली. वाफ सोसवेना म्हणून मी मागे सरकलो. खाट दबली आणि पातेले कलंडले. सर्दी आठवड्यात गेली. मांडी बरी व्हायला दीड महिना लागला. आजीला ती गोष्ट शेवटपर्यंत लागून राहिली होती.

गेल्या महिन्यात माझी नववीतली मुलगी शिंकत शिंकत शाळेतून आली. माझी आई लगेच म्हणाली, "वाफारा घे गं, मोकळं वाटेल." मुलीने मला विचारले, "बाबा, वाफेनं सर्दी खरंच जाते का?"

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने अशा प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आपण हिशेबच करू या.

नाक का चोंदते?

सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांतला सर्वांत नेहमीचा म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याचे 160 हून अधिक प्रकार माहीत आहेत. त्याचा व्यास सुमारे 30 नॅनोमीटर असतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे 33,000 विषाणू ओळीने बसतील.

नाक चोंदते ते केवळ शेंबडामुळे, असे आपल्याला वाटते. पण त्याचे मोठे कारण वेगळे आहे. नाकाच्या आतल्या श्लेष्मल त्वचेतील रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही. बारीक नळीतून द्रव किंवा वायू संथपणे वाहत असेल, तर नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा 2 × 2 × 2 × 2, म्हणजे 16 पट! नाक ही काही सरळ गुळगुळीत नळी नव्हे, तेव्हा हा आकडा तिथे तंतोतंत लागू पडणार नाही. पण थोडीशी सूज आली तरी जीव एवढा का घुसमटतो, हे यावरून कळते.

एका श्वासाची उष्णता

एरवी नाक बाहेरच्या हवेला ऊब आणि ओलावा देते. वाफारा घेताना हा व्यवहार उलटा होतो. थंड पाण्याच्या तांब्यावर जसे बाहेरून थेंब जमतात, तशी बाष्पाने भरलेली गरम हवा नाकातल्या तुलनेने थंड त्वचेला लागली की बाष्पाचे पाणी होते आणि त्याचा अप्रकट उष्मा त्वचेला मिळतो.

समजा, चादरीखालची हवा 43 अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने संपृक्त आहे, आणि नाकातली त्वचा 34 अंशांवर आहे. 43 अंशांच्या एक लिटर संपृक्त हवेत सुमारे 59 मिलिग्रॅम बाष्प असते, तर 34 अंशांच्या हवेत सुमारे 37. एका साध्या श्वासात आपण अर्धा लिटर हवा घेतो. म्हणजे एका श्वासात फार तर 11 मिलिग्रॅम पाणी नाकात जमेल. या तापमानाला एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे 575 कॅलरी उष्णता बाहेर पडते. त्या हिशेबाने एका श्वासाला सुमारे 6 कॅलरी झाल्या. हवा स्वतः थंड होताना आणखी एखादी कॅलरी देईल. एकूण 7 धरू. मिनिटाला 15 श्वास घेऊन 10 मिनिटे वाफारा घेतला, तर जेमतेम 1,000 कॅलरी मिळतात. त्यांतली बरीच उष्णता त्वचेतून वाहणारे रक्त लगेच दूर नेते. ही पदार्थविज्ञानातली लहान कॅलरी बरे का. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरची 'कॅलरी' हिच्या हजारपट असते.

विषाणूवर काय परिणाम होतो?

ऱ्हायनोव्हायरस 33 ते 35 अंशांना सर्वांत चांगला वाढतो. नाकातले तापमान साधारण तेवढेच असते. मग नाक तापवले तर विषाणू हतबल होईल का? नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ यांना ही कल्पना पटली होती. नाकात 43 अंशांची दमट हवा सोडणारे एक यंत्रही तयार झाले.

1989 साली ब्रिटनमध्ये त्याची चाचणी झाली. काही रुग्णांना 43 अंशांची हवा दिली आणि काहींना 30 अंशांची. दुसरा गट कशासाठी? कारण सर्दी आपली आपणच बरी होते. तुलना केली नाही, तर श्रेय यंत्राचे की निसर्गाचे, हे कसे ओळखणार? या चाचणीत गरम हवा घेणाऱ्यांचा त्रास कमी झालेला दिसला. पण 1990 आणि 1994 साली अमेरिकेत अशाच चाचण्या झाल्या, त्यांत काही फायदा आढळला नाही. पुढे अशा चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनीही निष्कर्ष काढला, की गरम वाफेचा सर्दीवर खात्रीने गुण येतो असे म्हणता येत नाही. कल्पना तर्काला पटली तरी प्रयोगात उतरली पाहिजे, हा विज्ञानाचा नियम आजीच्या काढ्याला लागू आहे तसाच नोबेल विजेत्यालाही!

मग बरे का वाटते?

सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि घरगुती उपाय आपण नेमके तेव्हाच सुरू करतो. त्यानंतर उतार पडणारच असतो, मग आपण वाफारा घ्या, काढा घ्या की काहीच घेऊ नका. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते.

पण बरे वाटणे हे अगदीच खोटे नसते. मेंथॉल हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते. मोजून पाहिले तर हवेचा अडथळा होता तेवढाच असतो. मेंथॉल फक्त थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. 2008 साली ब्रिटनमधील कार्डिफ येथे असाच प्रयोग गरम पेयावर झाला. नाकातून वाहणाऱ्या हवेत फरक पडला नाही. पण घसादुखी, खोकला, शिंका आणि थकवा यांत आराम वाटल्याचे लोकांनी सांगितले. आराम ही आजाऱ्याला हवीशीच गोष्ट आहे. फक्त तिला 'इलाज' म्हणू नये, आणि तिची किंमत काय पडते तेही पाहावे.

एक हजार विरुद्ध त्रेपन्न हजार

ती किंमत आता काढू. पातेल्यात 90 अंशांचे एक लिटर पाणी आहे. ते शरीराच्या तापमानापर्यंत, म्हणजे 37 अंशांपर्यंत निवताना 53,000 कॅलरी देईल. नाकाला 1,000 कॅलरी मिळाव्यात म्हणून आपण 53,000 कॅलरी मुलाच्या मांडीशी आणून ठेवतो! भीती वाफेपेक्षा कलंडणाऱ्या पाण्याची आहे. 2020 साली कोविडच्या साथीत वाफारे घेण्याचे प्रमाण वाढले, तेव्हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी कळवले होते, की वाफाऱ्याच्या पाण्याने भाजलेली मुले एकाएकी जास्त येऊ लागली आहेत.

माझ्या मुलीला मी आल्याचा चहा करून दिला. कपातली वाफ आपोआप नाकाला लागते, आणि कप सांडला तरी पातेल्याएवढा अनर्थ होत नाही. मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. मध चाटल्याने मुलांचा खोकला थोडा कमी होतो, असे चाचण्यांतही दिसले आहे. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही देऊ नये. मोठ्या माणसाला वाफारा घ्यायचाच असेल, तर भांडे पक्क्या टेबलावर ठेवावे, खाटेवर किंवा मांडीवर नको, आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. म्हणून सर्दीसाठी ती मागू नयेत. मात्र धाप लागली, कान ठणकू लागला, ताप तीन दिवसांवर टिकला किंवा दहा दिवसांत उतार पडला नाही, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

चहा पिऊन मुलगी म्हणाली, "बरं वाटतंय." आई माझ्याकडे बघून हसली. तिचे निम्मे बरोबर होते आणि माझेही निम्मे!

करून पाहा : स्टीलच्या दोन सारख्या ताटल्या घ्या. एक गार पाण्यात बुडवून कोरडी पुसा, दुसरी उन्हात तापू द्या. दोन्ही पाठोपाठ गरम चहाच्या कपावर वीतभर उंच धरा. कोणत्या ताटलीवर जास्त पाणी जमले? का? नाकातल्या त्वचेसारखी कोणती ताटली वागते, ते वहीत लिहून आपल्या शिक्षकांना दाखवा.