मुलं बदलली, नकाशा तोच राहिला

एखादा पोरगा चोरी करताना सापडला की आपण आधी त्याच्याकडे बघतो, मग त्याच्या आईबापांकडे. संगत कुणाची, वळण कसलं, घराणं कोणतं. शंभरेक वर्षांपूर्वी शिकागोतल्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन संशोधकांनी त्याआधी एक साधा प्रश्न विचारला: हा राहतो कुठे?

शॉ पूर्वी प्रोबेशन अधिकारी होते, अशा मुलांशी त्यांचा रोजचा संबंध आलेला. अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागोतच सुरू झालं होतं, त्यामुळे हजारो मुलांच्या नोंदी पत्त्यांसकट मिळत होत्या. दोघांनी प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी नकाशावर एकेक ठिपका दिला. शहराच्या मध्यभागाला खेटून, पोलाद कारखान्यांजवळ, कत्तलखान्यांच्या आसपास ठिपक्यांची दाटी झाली. बाहेरच्या भागाकडे जावं तसे ते विरळ होत गेले.

गरीब वस्तीत चोऱ्या जास्त, यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल. पण त्यांनी १९०० ते १९०६, १९१७ ते १९२३ आणि १९२७ ते १९३३ अशा तीन काळांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडली, आणि मला हा भाग दर वेळी थक्क करतो. या काळात त्या वस्त्यांमधली माणसं पार बदलली होती. जर्मन, आयरिश, स्वीडिश कुटुंबं हातात चार पैसे येताच बाहेर पडली होती आणि त्यांच्या जागी पोलिश, इटालियन राहायला आले होते. भाषा वेगळी, चर्च वेगळं, जेवण वेगळं. तरी कुठल्या वस्तीतली किती मुलं कोर्टाची पायरी चढतात, हे प्रमाण बव्हंशी पूर्वीसारखंच! आणि जे समाज बाहेर पडले, त्यांच्या मुलांचं प्रमाण नव्या ठिकाणी खाली आलेलं.

त्या काळाची हवा लक्षात घेतली तर या निष्कर्षाचं मोल कळतं. १९२४ मध्ये अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या कायद्याने कमी केली होती. या लोकांच्या रक्तातच खोट आहे, असं शिकलेसवरलेले लोकही उघड बोलत. नकाशा मात्र म्हणत होता की रक्त बदललं, आकडा बदलला नाही.

मग वस्तीत असं काय होतं? भाडं कमी म्हणून नवा माणूस तिथे उतरे आणि जमलं की निघून जाई. कुणी टिकतच नसल्यामुळे शेजार मुरत नसे, कोण कुणाचं पोर हे कळत नसे. आणि मुलं एकटी चोरी करत नव्हती. कोर्टातल्या दहापैकी सुमारे आठ प्रकरणांत सोबत कुणीतरी होतं. थोरली पोरं धाकट्यांना शिकवत, ती पुढच्यांना. कुटुंबं निघून गेली तरी ही शिकवणी चालू राहत होती.

१९३८ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. श्रीमंत हो, हे स्वप्न समाज सगळ्यांच्या डोळ्यांत घालतो, पण तिथवर जायच्या वाटा थोड्यांनाच देतो. स्वप्न खरं मानलेला मुलगाच मग आडवाट धरतो. मर्टन स्वतः दक्षिण फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत, स्थलांतरित ज्यू घरात वाढले होते. म्हातारपणी त्यांनी आवर्जून सांगितलं की त्या वस्तीत पैसा सोडून सगळं होतं. जवळच सार्वजनिक वाचनालय होतं, आणि तिथे या पोराला दार उघडं होतं.

शॉ आणि मॅके यांच्या मांडणीत मला एक मोठी उणीव दिसते. वर चढून बाहेर पडण्याचा जो मार्ग त्यांनी दाखवला, तो कृष्णवर्णीयांसाठी मोकळा नव्हता. घर कृष्णवर्णीयांना विकणार नाही, असे करार शिकागोत सर्रास होत आणि १९४८ पर्यंत न्यायालयं ते अमलात आणत. पोलिश कुटुंब काही वर्षांत बाहेर पडू शके. कृष्णवर्णीय कुटुंबाकडे पैसे असले तरी त्याला तिथेच अडकावं लागे. वस्ती आपोआप तशी होत नाही, तिच्याभोवती कुंपण घातलं जातं.

१९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांचे सहकारी त्याच शहरात नव्याने उतरले. दोन्ही बाजूंना कॅमेरे लावलेली गाडी मुंगीच्या पावलांनी हजारो रस्त्यांवरून फिरली. ३४३ भागांतल्या ८,७८२ रहिवाशांना प्रश्न विचारले गेले. मुलं शाळा बुडवून नाक्यावर उभी असतील, भिंती रंगवत असतील, मोठ्यांशी उर्मटपणे वागत असतील, तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? शेजाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का?

१९९७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सारख्याच गरिबीच्या दोन भागांत, जिथे शेजाऱ्यांना एकमेकांचा भरवसा होता तिथे हिंसा कमी होती. त्यासाठी गाढ मैत्री असावी लागत नाही. हाक मारली तर शेजारची बाई खिडकीतून डोकावेल, एवढी खात्री पुरते. ही खात्री मला गरिबांच्या वस्तीतली फार मोठी संपत्ती वाटते. पण ती नसली म्हणून तिथल्या माणसांना बोल लावणं अन्यायाचं होईल. जिथे काम गेलं, घरं ओस पडली, भाडेकरू वर्षागणिक बदलतात, तिथे ती रुजणार कशी?

याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. वस्तीच बदलली तर काय होतं, हे पाहण्यासाठी १९९४ पासून अमेरिकी सरकारने शिकागोसह पाच शहरांतल्या गरीब सरकारी चाळींमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांमध्ये सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाड्याची मदत मिळाली, काहींना नाही. सुरुवातीचे निकाल निराश करणारे होते: मोठ्यांची कमाई वाढली नाही. पण मुलं कमावती होईपर्यंत वाट पाहिली तेव्हा, २०१६ मध्ये, चित्र पालटलं. तेरा वर्षांच्या आत स्थलांतर केलेल्या मुलांची कमाई पंचविशीच्या सुमारास मागे राहिलेल्यांपेक्षा ३१ टक्के जास्त होती. पत्ता जितक्या लहानपणी बदलला, तितका लाभ मोठा. तेरा ओलांडून गेलेल्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच झालं. संशोधकांच्या मते, मित्र आणि ओळखीचा परिसर ऐन वयात सुटल्याची ती किंमत असावी.