सिमेंटच्या आतली वीण

स्लॅब टाकल्यावर त्यावर पाणी मारत राहायचं, हे कुठलाही गवंडी सांगेल. हे पाणी सिमेंटच्या कणांशी संयोग पावतं आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हे नवं द्रव्य तयार होतं. वाळू-खडीला घट्ट धरून ठेवणारं द्रव्य प्रामुख्याने हेच. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं. या द्रव्यात अणू कसे बसलेत हे उलगडायला मात्र विसावं शतक निम्मं सरावं लागलं.

अडचण अशी, की भट्टीतून निघालेल्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या क्लिंकरमधली खनिजं स्फटिकरूप असतात. त्यांच्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांतच जोराने परततात आणि आलेखावर टोकदार शिखरं उमटतात. हायड्रेटच्या आलेखात मात्र पसरट उंचवटेच दिसतात. अणूंची शिस्त फार थोड्या अंतरातच मोडते म्हणून असं होतं.

धागा सापडला तो निसर्गात. स्कॉटलंडच्या मल बेटावरील टोबरमोरी गावावरून नाव मिळालेल्या टोबरमोराइट या खनिजाची रचना हेलन मेगॉ आणि केल्सी या संशोधकांनी १९५६ मध्ये मांडली. कॅल्शियम-ऑक्सिजनचे थर, त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या सिलिकेटच्या साखळ्या आणि मध्ये पाणी. सिमेंटमधलं द्रव्य याचंच विस्कटलेलं रूप असावं, असा तर्क त्यानंतर पक्का होत गेला.

त्या तर्काची कसून तपासणी शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत झाली. तिथल्या ‘ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्स’मध्ये १.१ किलोमीटर परिघाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन धावतात आणि त्यांच्यापासून अतितीव्र क्ष-किरण मिळतात. इथे फक्त शिखरांवर भिस्त नसते. इतस्ततः विखुरलेले मंद किरणही मोजतात. त्या साऱ्यांतून कुठल्या अंतरावर किती अणू-शेजारी सापडतात, याचा आलेख मांडता येतो. २०१० मध्ये स्किनर, माँटेरो या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या हायड्रेटचा असा आलेख काढला. त्यात टोबरमोराइटशी जुळणारी शिस्त दिसली, पण ती सुमारे साडेतीन नॅनोमीटरपर्यंतच. या तोकड्या मापाच्या शिस्तीवर आपले पूल आणि धरणं उभी आहेत, हे मला फार विलक्षण वाटतं.

या कुळातली खनिजं आपल्याकडेही आहेत. मुंबई-पुण्याभोवतीच्या खाणींत काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कापसाच्या गोळ्यांसारखं पांढरं ओकेनाइट मिळतं, जायरोलाइटही मिळतं. दोन्ही पाणी धरून असलेली कॅल्शियम सिलिकेटंच. जगभरचे संग्राहक ती मोलाने घेतात. आपल्या शाळांनीही मुलांना ती हातात द्यायला हवीत.

पुन्हा सिमेंटकडे वळू. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. तो घटवण्यासाठी क्लिंकरचा काही भाग काढून त्याजागी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळतात. त्या मातीतलं ॲल्युमिनियम सिलिकेटच्या साखळीत सिलिकॉनची जागा घेतं. पण या दोन अणूंत इलेक्ट्रॉनचा फरक फक्त एकाचा, त्यामुळे क्ष-किरणांना ते जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून संशोधक आता अशा सिमेंटच्या नमुन्यांची क्ष-किरणांबरोबर चुंबकीय अनुनादानेही तपासणी करतात आणि दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून साखळीत कोण कुठे बसलंय ते ठरवतात.