फ्यूज उडतोय? मग नवा फ्यूज घालायच्या आधी हे वाचा

हे आपल्या आजच्या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये लटकून ऐकणारे बरेच जण म्हणतात की आकडे डोक्यात राहत नाहीत. हे खास त्यांच्यासाठी.

मागच्या काही भागांत माझ्या आवाजामागे एक बारीक ‘घूंऽऽ’ येत होती. तुम्ही मेसेज करून करून माझ्या ते लक्षात आणून दिलंत. दोष होता माइकच्या प्रीअँपच्या जुन्या, थकलेल्या पॉवर सप्लायचा. म्हटलं, नवा आपणच जोडू. बुधवार पेठेत गेलो, किट घेतलं, रविवारची दुपार सोल्डरिंगमध्ये घालवली. संध्याकाळी स्विच दाबला आणि टप्! फ्यूज गेला.

दुसरा घातला. तोही गेला. घरात तिसरा नव्हता. आता खरं सांगतो, फ्यूजच्या जागी गुंडाळायला मी तांब्याची तार हातात घेतली होती. तेवढ्यात जिथून किट घेतलं त्या दुकानातल्या काकांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, “अरे, फ्यूज ओरडून सांगतोय ना काहीतरी? आणि तू त्याचं तोंड बंद करायला निघालायस!”

तार खाली ठेवली. आजचा भाग त्या वाक्यावरच आहे.

आधी सर्किट समजून घेऊ. प्रीअँपला प्लस १५ आणि मायनस १५ असे दोन्ही व्होल्टेज लागतात, कारण आवाजाची लहर शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते. त्यासाठी चार टप्पे असतात. पहिला ट्रान्सफॉर्मर, तो घरातले २३० व्होल्ट उतरवून १५-०-१५ करतो. दुसरा चार डायोडचा ब्रिज, तो एसीचं डीसी करतो. तिसरा मोठे कपॅसिटर, माझ्याकडे २२०० मायक्रोफॅरडचे दोन. डीसीमधले चढउतार ते भरून काढतात. इथे साधारण २० व्होल्ट मिळतात. चौथा रेग्युलेटर, प्लससाठी ७८१५ आणि मायनससाठी ७९१५. ते २० चे नेमके १५ करतात.

चार टप्पे, म्हणजे दोष कुठल्या तरी एका टप्प्यात. मग सगळ्यावर एकदम हात का मारायचा?

काकांनी सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे सिरीज बल्ब. जुना तारेचा ४० वॅटचा बल्ब घ्यायचा, एलईडी नाही चालणार. तो मेनच्या फेज वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा. पुढे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, फ्यूज वाचतो. सगळं ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर चमकतो आणि मंद होतो किंवा विझतो. पण लक्षात ठेवा, बल्बमुळे सर्किट वाचतं, तुम्ही नाही. २३० व्होल्टचा शॉक तितकाच बसतो. मेनचे जोड उघडे ठेवू नका, आणि पहिल्यांदाच करत असाल तर जाणकार माणूस शेजारी बसवा.

आता तपास. बोर्ड सोडवला, नुसता ट्रान्सफॉर्मर लावला. बल्ब विझलेला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष. बोर्ड जोडला, बल्ब लख्ख. म्हणजे भानगड बोर्डावर.

प्लग काढला. कपॅसिटरमध्ये चार्ज उरला नाही ना, हे आधी डीसी रेंजवर बघितलं. मग मल्टिमीटर बीपवर ठेवला. प्लस बाजूचा मोठा कपॅसिटर आणि ग्राउंड: शांत. मायनस बाजूचा कपॅसिटर आणि ग्राउंड: बीऽऽप, थांबायलाच तयार नाही. शॉर्ट मायनस बाजूला.

इथपर्यंत शहाण्यासारखं वागलो. मग घाई नडली. मनात म्हटलं, कपॅसिटरच उलटा बसला असणार. डोळ्यांनी खूण न तपासता काढला. बीप चालूच. दोन डायोड काढले. बीप चालूच. आता ७९१५ काढू म्हणून त्याला हीटसिंकला धरणारा स्क्रू सोडवला, आणि बीप थांबला! स्क्रू परत पिळला, बीप. सोडवला, शांतता.

डेटाशीट उघडली तेव्हा ट्यूब पेटली. ७८१५ आणि ७९१५ दिसायला जुळे भाऊ, पण आतून वेगळे. ७८१५ च्या पाठीवरचा धातूचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो. ७९१५ चा पत्रा इनपुटला, म्हणजे थेट मायनस २० व्होल्टला! दोघांना एकाच ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर तसंच आवळलं की हीटसिंकच तार बनते आणि मायनस थेट ग्राउंडला भिडतं. पायही वेगळे आहेत. समोरून डावीकडून उजवीकडे ७८१५ चे इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. एकाच्या जागी दुसरा कधीच चालत नाही.

यावरचा उपाय म्हणजे मायकाचा पातळ तुकडा आणि स्क्रूसाठी प्लॅस्टिकचा बुश. ते किटमध्ये होते का? होते ना! पॅकिंगचा कचरा समजून मीच डब्यात टाकले होते. कचऱ्याचा डबा पालथा घातला, दोन्ही सापडले. मायका बसवून पत्रा आणि हीटसिंक यांच्यात बीप येत नाही याची खात्री केली. काढलेले भाग परत लावले. बल्ब एकदा चमकून विझला. मग बल्ब काढून फ्यूजवर चालवलं. प्लस १५, मायनस १५. मी खूश!

पण प्रीअँप लगेच जोडला नाही, आणि वाचलो. रिकाम्या सप्लायचं व्होल्टेज फसवं असतं. आधी खोटा लोड लावायचा. १५० ओहमचा ५ वॅटचा एकेक रेझिस्टर दोन्ही बाजूंना, म्हणजे प्रत्येकी १०० मिलिअँपिअर. प्लस १५ वर ठाम. मायनस घसरून १० च्या आसपास!

कारण? घाईत काढलेला तो निर्दोष कपॅसिटर. काढताना त्याच्या पायाखालचा तांब्याचा ट्रॅक उचकटला होता, आणि परत लावल्यावर तो नुसता उभा होता, जोडलेला नव्हता. लोड नसताना रेग्युलेटरपुढचा छोटा कपॅसिटर वेळ मारून नेत होता. म्हणजे हा दुसरा दोष किटचा नव्हता, मी दुरुस्ती करता करता तयार केला होता. वायरचा छोटा तुकडा टाकून जोडला. अर्धा तास लोडवर ठेवला. दोन्ही बाजू १५ वर.

तेव्हा मंडळी, क्रम लक्षात ठेवा. फ्यूज उडाला की आधी थांबा. सिरीज बल्ब लावा. एकेक टप्पा सुटा करून दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. डोळ्यांनी बघा, मीटरने मोजा, स्क्रू सोडवून बघा, आणि सोल्डरिंग आयर्न सगळ्यात शेवटी गरम करा. एका वेळी एकच बदल. शेवटी लोडवर चाचणी.

आणि घूं शोधायला तुमचा फोनही कामाचा आहे. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये रेकॉर्डिंग बघा. आपली लाइन ५० हर्ट्झची. ब्रिजनंतर उरलेली लहर १०० ची होते. म्हणून १०० वर उंच रेघ दिसली तर आधी ब्रिजनंतरचे कपॅसिटर, रेग्युलेटर आणि तिथलं ग्राउंड बघा. नुसती ५० वर असेल तर बहुतेक वेळा वायरची मांडणी किंवा ट्रान्सफॉर्मर फार जवळ असणं हे कारण असतं.

आजचा भाग त्याच नव्या सप्लायवर रेकॉर्ड केलाय. ऐकणाऱ्यांनी हेडफोन लावून सांगा, घूं गेली का? आणि ती तांब्याची तार मी टेबलासमोर भिंतीला चिकटवून ठेवलीय. भेटू पुढच्या भागात!