सूज हाताला, मालीश मानेपासून!

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, की काहींच्या हातातल्या द्रवाची वाट अडते आणि हात सुजतो. त्यावरचं लसिका मालीश म्हणजे तेल लावून रगडणं नव्हे! हा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात, म्हणून स्पर्श इतका हलका, की पहिल्या दिवशी ‘एवढंच?’ असं वाटतं. सुरुवात मानेपासून, पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं पाणी सरकणार कुठे? १९३० च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने ही पद्धत बसवली. दुखलं तर लगेच सांगा, जोर जास्त होतोय. नंतरची घट्ट पट्टी कंटाळवाणी खरी, पण सूज पुन्हा चढू देत नाही ती तीच. ताप, हाताला लाली किंवा रक्ताची गुठळी असेल, तर मालीश नको, आधी डॉक्टर.